क्यू आणि डेल्टा एच : थर्मामीटर नेमकं कुणाचं सांगतो?

उष्णता कशी काढायची हे अकरावीच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, ‘एम सी डेल्टा टी’ (वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले तापमानातला फरक) म्हणून मोकळं होईल. ही उष्णता म्हणजे क्यू. तिथे कुणाचं अडत नाही. अडतं पुढच्या ओळीत. वही उघडली की दरवर्षी तेच : ‘डेल्टा एच = एम सी डेल्टा टी’. डेल्टा एच म्हणजे अभिक्रियेने मोलमागे घेतलेली (अधिक) किंवा सोडलेली (उणे) उष्णता. मग गॅसच्या शेगडीसारखी पेटती अभिक्रियाही उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी, ठरते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

थर्माकोलच्या पेल्यात १ मोलर (लिटरमागे १ मोल; मोल हे कणांची संख्या मोजायचं माप) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली घ्या. त्यात तेवढंच, तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड ओता. तापमान साधारण ६.७ अंशांनी चढतं. द्रावण १०० ग्रॅम धरा (नुसतं आम्लाचं ५० धरणारे महाभागही असतात), गुणिले ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता), गुणिले ६.७. आले २८०० जूल. हा क्यू. पण कुणाचा? थर्मामीटर पाण्यात बुडवला होता, त्याने पाण्याचं सांगितलं. पाण्याच्या खात्यात २.८ किलोजूल जमा, म्हणजे अभिक्रियेच्या खात्यात तेवढेच नावे. उणे चिन्ह येतं ते इथून. ते पाठ करायची गरजच नाही, आपण कुणाचं खातं लिहितोय तेवढं बघायचं.

शिवाय हे २.८ आपण किती ओतलं त्यावर ठरलेले. ५० मिलीत ०.०५ मोल, म्हणून अभिक्रिया झाली ०.०५ मोलची. भागा : उणे ५६ किलोजूल प्रति मोल. हा डेल्टा एच. ‘प्रति मोल’ न लिहिणाऱ्याचा मी अर्धा गुण कापतो. आता दोन्ही द्रावणं १००-१०० मिली घेतली तर? क्यू होईल ५.६, डेल्टा एच जागचा हलणार नाही. आणि तापमान? पोरं हमखास १३.४ सांगतात. चढतं ६.७च, कारण तापवायचं पाणीही दुप्पट झालं.

उलटं उदाहरण शेतातलं. फवारणीसाठी बादलीत युरिया कालवला की पाणी गार पडतं. ‘गार झालं, म्हणजे उणे’ असं लिहून टाकायचा मोह होतो. गार झालं ते पाणी. युरियाने विरघळताना त्याच्याकडून उष्णता घेतली. डेल्टा एच अधिक, मोलमागे सुमारे १५ किलोजूल.

क्लासवाले मात्र पेला आणि बॉम्ब कॅलरीमीटर (पदार्थ जाळून उष्णता मोजायचं घट्ट बंद भांडं) यांतल्या फरकावर तास घालवतात. उघड्या पेल्यात दाब स्थिर, म्हणून थेट डेल्टा एच मिळतो. बंद बॉम्बमध्ये आकारमान स्थिर, म्हणून डेल्टा यू, म्हणजे आंतरिक ऊर्जेतला बदल. बरोबर आहे. पण डांबरगोळीतलं नॅप्थॅलीन जाळलं, तर मोलमागे ५१५० किलोजूलच्या आसपासच्या आकड्यात हा फरक जेमतेम ५ चा. चिन्ह चुकलं तर?

आणि तापमानाच्या फरकात २७३ मिळवणाऱ्यांसाठी : ६.७ सेल्सिअसचा फरक म्हणजे ६.७ केल्विनचाच फरक. तरी २७९.७ घालून बघाच. ११७ किलोजूल येतात. एवढी उष्णता खरंच निघाली असती, तर पेल्यातलं पाणी उकळून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाफ होऊन गेलं असतं.