खेळाडू-निधी, महाविद्यालयीन फुटबॉलमधील (कलेक्टिव्ह)

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल संघांचे चाहते व धनिक पाठीराखे यांच्याकडून पैसा गोळा करून तो खेळाडूंना त्यांचे नाव, छबी व ओळख यांच्या व्यापारी वापराचा मोबदला (‘एनआयएल’) म्हणून देणाऱ्या, विद्यापीठापासून कायद्याने स्वतंत्र असलेल्या संघटना. यातील फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल होय. अशा निधीला देणगी द्यावी की नाही, याविषयी चाहत्यांमध्ये प्रारंभापासून शंका आहेत.

या प्रथेचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचा आरंभ २०२१ च्या उत्तरार्धात होतो. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना असा मोबदला घेण्यास तात्पुरत्या धोरणाने मुभा दिली आणि त्यानंतर लवकरच फ्लोरिडा विद्यापीठाच्या चाहत्यांसाठी ‘गेटर कलेक्टिव्ह’ उभी राहिली; तिला अनेक जण पहिली कलेक्टिव्ह मानतात. ही मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या ‘एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन’ (२१ जून २०२१) या एकमुखी निकालाने दिली असे पुष्कळदा लिहिले जाते. तथापि तो निकाल शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादांपुरता होता. मोबदल्याचा मार्ग प्रत्यक्षात राज्यांच्या कायद्यांनी मोकळा केला. त्यांपैकी कॅलिफोर्नियाचा कायदा २०१९ मध्ये संमत झाला, आणि फ्लोरिडासह काही राज्यांचे कायदे १ जुलै २०२१ रोजीच अंमलात येत होते.

दुसऱ्या मतानुसार कलेक्टिव्ह हे जुन्याच व्यवहाराचे उघड रूप आहे. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या १९२९ मधील अहवालाने शंभराहून अधिक शिक्षणसंस्थांची पाहणी करून त्यांतील बहुसंख्य संस्थांत खेळाडूंना या ना त्या वाटेने आर्थिक साहाय्य मिळत असल्याचे नोंदविले होते. पाठीराख्यांनी खेळाडूंना गुप्तपणे पैसे पुरविल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण हंगाम एनसीएएने रद्द केला. लहान देणगीदारांची नियमित वर्गणीही नवी नाही. क्लेम्सन महाविद्यालयाच्या पाठीराख्यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली ‘आयपीटीएवाय’ ही संस्था वर्षाला दहा डॉलर या वर्गणीवर सुरू झाली. मात्र तिचा पैसा शिष्यवृत्ती व क्रीडाविभाग यांच्याकडे जात असे. धनिकाचा गुप्त पैसा आणि सामान्य चाहत्याची उघड वर्गणी हे दोन जुने प्रवाह २०२१ नंतर एकत्र आले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते; नवी होती ती केवळ कायदेशीरता.

खेळण्याबद्दल थेट वेतन देण्यास एनसीएएची मनाई कायम राहिल्याने करारांमध्ये जाहिरात, स्वाक्षऱ्या, चाहत्यांच्या भेटी किंवा सेवाकार्य असे काहीतरी काम दाखवावे लागे. टेक्सस विद्यापीठाशी निगडित ‘हॉर्न्स विथ हार्ट’ या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये आक्रमक फळीतील प्रत्येक शिष्यवृत्तीधारक खेळाडूला सेवाकार्यासाठी वर्षाला ५० हजार डॉलर देण्याचे जाहीर केले. मोबदला कामाचा की खेळाचा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

करसवलतीचा प्रश्न यातूनच उद्भवला. बैठकहक्काशी, म्हणजे मैदानातील आसनांची तिकिटे घेण्याच्या हक्काशी, जोडलेल्या देणग्यांवरील ८० टक्के करवजावट २०१७ च्या करकायद्याने संपुष्टात आणली होती. त्यामुळे सेवाकार्याच्या आधारे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या, म्हणजे देणगीवर करवजावट मिळू शकेल अशा, कलेक्टिव्हचे देणगीदारांना आकर्षण वाटले असावे. परंतु खेळाडूंना होणारा खासगी लाभ हा आनुषंगिक नसून अशा अनेक संस्थांच्या कार्याचा गाभाच आहे, असे मत अमेरिकी महसूल सेवेने २०२३ च्या मध्यास प्रसिद्ध केलेल्या ज्ञापनात मांडले. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या ‘ट्वेल्फ्थ मॅन फाउंडेशन’ या क्रीडानिधी गोळा करणाऱ्या संस्थेने त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर केलेला खेळाडू-निधी या ज्ञापनानंतर बंद केला.

चाहत्यांचा आक्षेप खेळाडूंना पैसे मिळण्यावर असतोच असे नाही. पैसे कोणी द्यावेत यावर तो अधिक असतो. ‘बिग टेन’ या संघसमूहाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी केलेल्या प्रक्षेपण करारांचे मूल्य सात अब्ज डॉलरहून अधिक सांगितले गेले, तर टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये मुदतीपूर्वी दूर केलेल्या प्रशिक्षकाला सात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागत होते. अशा विद्यापीठाच्या वतीने चाहत्याकडे मासिक वर्गणी मागितली जाते, तेव्हा तिकीट, वाहनतळ व बैठकहक्क यांचे पैसे आधीच भरलेल्या माणसाने ती का द्यावी, हा प्रश्न गैरवाजवी म्हणता येत नाही. टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या हंगामासाठी तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ (खेळाडूंच्या मोबदल्यासाठीचा अधिभार) लावल्याने तर तेथील प्रेक्षकाला नकाराचा पर्यायही उरला नाही.

दुसरी शंका पैशाच्या टिकाऊपणाची आहे. एप्रिल २०२४ पासून शैक्षणिक पात्रता राखणारा खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो. त्यामुळे यंदाच्या वर्गणीतून पोसलेला खेळाडू पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी संघात दिसणे शक्य झाले. टेनेसीचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाताळणारा खेळाडू) निको इआमलेआवा मोबदल्याच्या वादाच्या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२५ मध्ये संघाबाहेर पडून लॉस एंजेलिसच्या यूसीएलएकडे गेला. उलट बाजूही आहे : जेडन रशादा या तरुण क्वार्टरबॅकशी गेटर कलेक्टिव्हने २०२२ मध्ये केलेला सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार काही आठवड्यांतच रद्द झाला. संकलित निधीचा हिशेब जाहीर करण्याचे बंधन खासगी कंपनी म्हणून नोंदलेल्या कलेक्टिव्हवर सामान्यतः नसते.

मोबदल्यासाठी खेळाडूंनी भरलेल्या ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी मान्यता दिली. तीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरविण्यात आली. सहाशे डॉलर व त्याहून मोठ्या बाह्य करारांची नोंद व छाननी तडजोडीच्या अंमलबजावणीसाठीच्या नव्या ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’च्या यंत्रणेकडे सोपविण्यात आली. कलेक्टिव्हच्या करारांना वैध व्यापारी हेतू नसतो, अशी भूमिका कमिशनने जुलै २०२५ मध्ये प्रथम घेतली आणि वादींच्या वकिलांच्या आक्षेपानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस सौम्य केली.