वाऱ्याची वीज आणि उदंचनाचा हिशेब

मुंबईला सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली ती १९१५ साली, खोपोलीचे केंद्र सुरू झाल्यावर. भिऱ्याचा १५० मेगावॉटचा एक संच मात्र दुहेरी काम करतो: मुळशीच्या पाण्यावर तो वीज निर्माण करतो आणि मागणी उतरली की ते पाणी पुन्हा वर चढवतो. यालाच उदंचन म्हणतात.

हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर चढवायला साधारण दीड युनिट वीज लागते आणि ते खाली सोडल्यावर सुमारे १.२ युनिट परत मिळते. समजा, पवनचक्कीची रात्रीची वीज तीन रुपये युनिट दराने घेतली, तर परत मिळणारे प्रत्येक युनिट पावणेचार रुपयांना पडते. पण ही घट तशी किरकोळच, कारण खरा भार भांडवलाचा असतो. बोगदे, धरण आणि दाबनलिका यांच्या कर्जाचे व्याज संच बंद असला तरी चालूच राहते. वर्षाला तीनशे वेळा जलाशय भरून रिकामा केल्यास हा खर्च युनिटमागे दोन रुपये धरला, तर शंभरच वेळा वापरल्यास तो सहा रुपये होतो आणि पावणेसहाचे युनिट पावणेदहाला जाते.

वाऱ्याची अडचण नेमकी इथेच आहे. साताऱ्यातील वनकुसवडे किंवा धुळ्यातील ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्यांचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा. तेव्हा वारा कित्येक दिवस अहोरात्र वाहतो; सहा-आठ तासांचा साठा एकदा भरला की पुढच्या विजेला जागा उरत नाही, आणि जुलैचा वारा मार्चपर्यंत साठवून ठेवणे तर या साठ्याच्या आवाक्याबाहेरचेच. त्यातून वरचे धरण पावसानेच भरून वाहत असेल, तर पाणी चढवणे म्हणजे निव्वळ अपव्यय. म्हणून नदीपात्राबाहेर बांधलेले छोटे जलाशय या कामाला अधिक सोयीचे.

त्यामुळे केवळ वाऱ्याच्या भरवशावर उदंचन प्रकल्प उभारणे मला परवडणारे वाटत नाही. दुपारची सौर वीज जोडीला आली तरच साठा जवळजवळ रोज फिरतो आणि मुंबईची संध्याकाळची मागणी भागवतो. काही मिनिटांत सुरू होणारा संच राखीव ठेवण्याचेही मोल असते, ते वेगळे.

२०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरवटा येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. अशा प्रकल्पांचे पैसे वीज कंपन्या पुष्कळदा युनिटवर नव्हे, तर मेगावॉटमागे वार्षिक दराने मोजतात. तसे झाले, तर साठा किती वेळा फिरला याची जोखीम प्रकल्पाच्या मालकाकडून ग्राहकाच्या बिलावर येते.