रेडिएटर फॅनचा फ्यूज: शॉर्ट की ओव्हरलोड?

मुंबई–आग्रा महामार्गावर वेगात धावणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा पुरतो. पण तीच गाडी नाशिकमध्ये द्वारका चौकात एप्रिलच्या दुपारी अडकली की सगळी भिस्त विजेच्या फॅनवर येते. म्हणूनच फॅनचा फ्यूज उडाल्याचे बहुधा गर्दीतच, तापमानाचा काटा चढू लागल्यावर कळते. बदललेला फ्यूजही उडाला, की ‘वायरिंग शॉर्ट आहे’ असे सर्रास म्हटले जाते. मात्र शॉर्ट आणि ओव्हरलोड हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची गल्लत झाली, तर धडधाकट वायरिंग विनाकारण उसवली जाते.

शॉर्टमध्ये वायरचे आवरण घासून तांबे बॉडीला टेकते, प्रवाह मोटरला वळसा घालून थेट अर्थला जातो आणि फ्यूज क्षणात उडतो. त्याची पारदर्शक खिडकी (जिच्यातून आतली तार दिसते) अनेकदा काळवंडलेली दिसते. ओव्हरलोडमध्ये प्रवाहाची वाट बरोबर असते, पण बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती आधाराची कडी) झिजल्यामुळे जड झालेली मोटर जास्त प्रवाह ओढते. 30 अँपिअरचा फ्यूज 40 अँपिअरवर काही मिनिटेही तग धरू शकतो. त्यामुळे फॅन थोडा वेळ फिरून बंद पडत असेल, तर माझा पहिला संशय मोटरवर जातो. पूर्ण जाम झालेली मोटर मात्र फ्यूज काही सेकंदांतच उडवते, आणि तिलाच लोक शॉर्ट समजतात.

इंजिन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि मगच पाती हाताने फिरवून पाहावीत. त्यानंतर मोटरचा प्लग काढून ठेवावा, केबल जोडावी, त्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा आणि इंजिन थंड असताना ते थोडा वेळच चालवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत त्याने फॅनचा रिले (फॅनला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो, म्हणजे चालू होतो. तरीही फ्यूज उडाला तर दोष वायरिंगमध्ये आहे. टिकला तर मोटर तपासावी. मोठ्या अँपिअरचा फ्यूज कदापि लावू नये, कारण फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो आणि तो उडाला नाही तर वायर जळते.

मोटरही निर्दोष निघाली आणि फ्यूज केवळ खड्ड्यांच्या रस्त्यावर उडत असेल, तर रेडिएटरच्या कडेने जाणारी वायरिंग तपासावी. क्लिप निसटलेल्या जागी आवरण घासलेले सापडण्याची शक्यता मोठी असते.