लष्करी वाहतूक विमाने : चालकदल व देखभाल प्रशिक्षण

सैनिक, वाहने व रसद नेणाऱ्या विमानांवरील वैमानिक, लोडमास्टर आणि जमिनीवरील तंत्रज्ञ यांचे प्रशिक्षण. नवी मुंबई विमानतळाच्या ३,७०० मीटर धावपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वांत आधी उतरले ते वायुदलाचे सी-२९५ हे वाहतूक विमान. भारताने २०२१ मध्ये अशा ५६ विमानांचा करार केला. पैकी ४० वडोदऱ्यात बांधायची आहेत. पहिल्या तुकडीचे वैमानिक व तंत्रज्ञ स्पेनमधील सेव्हिलला शिकले. आता आग्र्याला सिम्युलेटर (जमिनीवर उड्डाणाचा सराव देणारे यंत्र) आहे.

प्रशिक्षणात सर्वांत कमी बोलले जाते ते लोडमास्टरबद्दल (विमानातला माल लावणारा व बांधणारा), आणि चूक महागात पडते ती तिथेच. माल बांधताना पुढच्या दिशेला ३ जी (म्हणजे वजनाच्या तिप्पट जोर), मागे व दोन्ही बाजूंना १.५ जी आणि वर २ जी एवढा झटका सोसेल, असा हिशेब धरतात. ४ टनांची जीप घेतली तर पुढच्या दिशेचा जोर १२ टन. साखळीची क्षमता ४.५ टन, पण ती जमिनीशी ३० अंश आणि विमानाच्या लांबीशी ३० अंश कोनात लावली की पुढच्या-मागच्या दिशेला पाऊण ताकद, म्हणजे ३.४ टनच मिळते. म्हणून पुढचा जोर अडवायला ४ साखळ्या, मागचा अडवायला २. नवखे लोक जागा वाचवायला साखळी उभी ताणतात. जमिनीशी कोन ६० अंश झाला की तीच जेमतेम २ टन धरते. एकाच दिशेला साखळी आणि नायलॉनचा पट्टा मिसळायचा नाही: पट्टा ताणला जातो, सगळा भार साखळीवर येतो.

२९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बग्राममध्ये चिलखती वाहने नेणारे बोईंग ७४७ (हे नागरी, भाड्याने घेतलेले) पडले. सातही जण गेले. एक वाहन मागे सरकले, पण निव्वळ गुरुत्वमध्य बिघडून विमान पडले नाही. वाहनाने शेपटीतील हायड्रॉलिक यंत्रणा आणि स्टॅबिलायझरचा (शेपटीच्या आडव्या पंखाचा) स्क्रू तोडला.

चालकदलासाठी धडा २ ऑक्टोबर २०१५ च्या अफगाणिस्तानातील जलालाबादचा. माल उतरवताना एलिव्हेटर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी झडप) वर राहावा म्हणून सी-१३०जे या वाहतूक विमानाच्या वैमानिकाने नाइट व्हिजन गॉगलची कडक पेटी योकपुढे (वैमानिकाच्या हातातील सुकाणूपुढे) अडकवली. ती तशीच राहिली, उड्डाणानंतर विमानाचे नाक उचलतच गेले. १४ मृत्यू. म्हणूनच उड्डाणापूर्वी योक पुढे-मागे टोकापर्यंत फिरवून पाहायचा. अंधारात, घाईत तर नक्कीच.

तंत्रज्ञाचे पहिले काही आठवडे पाने (स्पॅनर) व हत्यारे मोजण्यात जातात, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक हत्याराला फळीवर त्याच्या आकाराची जागा असते. एक कमी भरले तर ते सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. सेफ्टी वायर (नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) नट आवळण्याच्या दिशेने ओढ घेईल अशीच लावायची, नेहमीच्या ०.८ मिमी तारेला इंचाला ६ ते ८ पीळ, जास्त दिले तर तार ठिसूळ होऊन तुटते. कंट्रोलच्या (विमान वळवणाऱ्या यंत्रणेच्या) जोडण्या दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासायच्या. ज्याने बसवल्या त्याच्याच नजरेतून चूक निसटते.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत वारंवार जाणाऱ्या टर्बोप्रॉपचा (पंखा फिरवणाऱ्या टर्बाइन इंजिनाचा) कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, पाण्याने धुतात. मिठाचा थर बसला की इंजिनाचा जोर घटतो, तापमान वाढते.