चिखलदऱ्याचा वारा आणि शेवटच्या खांबावरचं होल्टेज

हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत विदर्भातल्या शेतकऱ्याची नजर स्टार्टरच्या काट्यावर असते. ४१५ व्होल्ट हवेत, काटा ३३०वर लोंबकळतो. विजेचा दाब, म्हणजे होल्टेज, घटला की तेवढंच पाणी ओढायला मोटर जास्त करंट घेते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. मग कुणीतरी म्हणतंच : चिखलदऱ्याला एवढा वारा आहे, पवनचक्क्या लावा, होल्टेजचा प्रश्न मिटेल.

तो तसा मिटत नाही. वीज कमी असणं वेगळं आणि ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, दुबळं असणं वेगळं. करंट बदलला तरी दाब जागचा हलत नसेल, तर ग्रिड बळकट. लांब, बारीक तारांच्या टोकाला दाब जरा कशानेही हलतो. अभियंते हे बळ शॉर्ट सर्किटच्या क्षमतेवरून मोजतात, म्हणजे तिथे तारा एकमेकींना चिकटल्या तर ग्रिड किती जोर लावू शकेल त्यावरून. समजा, एखाद्या सबस्टेशनवर ती १५० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर, हे तिचं एकक) आहे. तिथे १५ मेगावॉटच्या पवनचक्क्या जोडल्या तर या दोहोंचं गुणोत्तर १०, काळजी नाही. ७५ मेगावॉट जोडल्या तर गुणोत्तर २. साधारण ३च्या खाली गेलं की जोडणी नाजूक समजतात.

त्यात आपल्याकडचा वारा भलत्या वेळी येतो. महाराष्ट्रात तो जोरात असतो जून ते सप्टेंबर, म्हणजे पाऊस बरा असेल तर पंप बंद असतात तेव्हा. वीज घेणारं कुणी नाही आणि टोकाला वीज ओतली जातेय, अशा वेळी तिथला दाब उलट चढतो. रब्बीत पंप सुरू होतात तेव्हा वारा पडलेला. हरभऱ्याचं दुखणं जिथल्या तिथेच.

आणखी एक अडचण इन्व्हर्टरची आहे. हल्लीच्या बऱ्याच पवनचक्क्या इन्व्हर्टरमधून, म्हणजे ग्रिडला जुळेल अशी वीज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातून, वीज देतात आणि बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडची लय पाहून आपली लय धरतात, भजनात टाळकरी मृदंगाकडे कान ठेवतो तसे. ग्रिड दुबळं असलं की इन्व्हर्टरचाच करंट तिथला दाब हलवतो आणि तोच हललेला दाब तो पुन्हा मोजतो. त्यातून झोके सुरू होतात, कधी चक्की ग्रिडपासून सुटते.

२८ सप्टेंबर २०१६ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने टॉवर पडले आणि दोन मिनिटांत दाब सहा वेळा कोसळला. असे झटके लागोपाठ किती सोसायचे याची मर्यादा अनेक पवनचक्क्यांच्या सेटिंगमध्ये घातलेली होती. ती ओलांडताच ४५६ मेगावॉट निर्मिती घटली, शेजारच्या राज्याकडून येणारी लाइन भार न पेलून आपोआप बंद झाली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. दोष वाऱ्याचा नव्हता, सेटिंगचा होता. ती बदलली गेली. पुढे तिथे चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले : इंधन न जाळता ग्रिडबरोबर फिरणारी, दाब सावरणारी अवजड यंत्रं.

मग आपल्या जुन्या औष्णिक संचांचं काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. चंद्रपूरचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच निवृत्त झाले. अशा संचाचं जनित्र कोळशाविना फिरतं ठेवता येतं; जर्मनीत बिब्लिस अणुकेंद्राचं जनित्र २०१२मध्ये असंच कामाला लावलं. मात्र हे बळ तारेच्या लांबीबरोबर विरत जातं. चंद्रपूरच्या यंत्राचा मेळघाटाला फारसा उपयोग नाही. चिखलदऱ्यावर मोठा प्रकल्प उभारायचा तर असं यंत्र, किंवा निदान स्टॅटकॉम (फिरत्या यंत्राविना, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाब सावरणारं उपकरण), चिखलदऱ्याजवळच्या परतवाड्याच्याच बाजूला बसवावं लागेल. त्याचा खर्च प्रकल्पाने उचलायचा की वीजग्राहकाने, हे पहिला खांब रोवण्याआधी ठरायला हवं.