बाळाला कॉटमध्ये निजवणे

तान्ह्या बाळाला कुशीत, मांडीवर किंवा खांद्यावर न ठेवता, चारही बाजूंनी गज असलेल्या त्याच्या स्वतंत्र बिछान्यात झोप लागू देणे, आणि मधे जाग आली तर तिथेच पुन्हा निजायची त्याला हळूहळू सवय लावणे. कॉट पाळण्यासारखी हलत नाही. त्यामुळे अंगाच्या उबेत आणि झुलण्यात आलेली झोप स्थिर गादीवर टिकवणे, हाच यातला सर्वांत अवघड भाग ठरतो.

झोपेची घडण

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस आणि रात्र यांतला फरक त्याच्या शरीराला अजून उमगलेला नसतो. ती लय दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान बसू लागते. तोवर रात्री दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठणे ही बाळाची गरज आहे. तिला वाईट सवय म्हणणे अन्यायाचे आहे.

मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे असते, बाळाचे ५० ते ६० मिनिटांचे. नवजात बाळाचा त्यातला जवळजवळ निम्मा वेळ ‘सक्रिय झोपे’चा असतो. पापण्यांखाली बुबुळे हलतात, हातपाय झटकले जातात, कण्हल्यासारखा आवाज येतो, क्वचित एखादा हुंदकाही फुटतो. पहिल्या काही महिन्यांत बाळ डोळे मिटल्यावर आधी याच हलक्या झोपेत शिरते. ही हालचाल पाहून कोणी लगबगीने उचलले, तर झोपलेले बाळच जागे होते. म्हणून पहिला आवाज ऐकल्यावर क्षणभर थांबून ते खरोखर उठले आहे का, हे पाहावे.

अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञ टॉमस अँडर्स यांनी बाळांच्या रात्रींचे व्हिडिओ चित्रण करून १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. आईवडिलांच्या मते रात्रभर शांत झोपणारी बाळेही मधे जागी होत असल्याचे त्यांना दिसले. काही बाळे न रडता पुन्हा निजत, काही हाक देत. जाग सगळ्यांनाच येते. जाग आल्यावर बाळ काय शोधते, हा खरा प्रश्न आहे. मांडीवर झोपलेले बाळ कॉटमध्ये डोळे उघडते, तेव्हा त्याच्या दृष्टीने आजूबाजूचे सगळेच बदललेले असते.

खाली ठेवण्याचा क्षण

या क्षणाचा नीट अभ्यास जपानमधील रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी केला. तो २०२२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रडणाऱ्या बाळाला उचलून घेऊन पाच मिनिटे संथ, सलग चालले, की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि पुष्कळदा झोपही लागते. पण खाली ठेवताना ठोके पुन्हा वाढतात, आणि तेही पाठ गादीला टेकल्यावर नाही, तर बाळ आईच्या अंगापासून अलग होऊ लागल्याबरोबर. आधी काही वेळ झोप झालेली असली, तर मात्र बाळ हा बदल सहन करते. म्हणून बाळ झोपल्यावर त्याला घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटे बसावे आणि मग ठेवावे, असे संशोधकांनी सुचवले. अभ्यासातली बाळे मोजकीच, २१, होती. तरी सल्ला निरुपद्रवी आहे आणि थकलेल्या माणसाला निदान बसायला मिळते.

दुसरे कारण दचकण्याचे. आधार सुटून डोके किंचित मागे गेले, की बाळ दोन्ही हात फेकते आणि रडते. ही मोरो प्रतिक्षिप्त क्रिया. बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांच्या नावाने ती ओळखली जाते. चार ते सहा महिन्यांत ती मावळते. तोवर बाळाला छातीशी धरूनच कॉटवर वाकावे, आधी ढुंगण, मग पाठ आणि शेवटी डोके टेकवावे. डोक्याखालचा हात सावकाश काढावा आणि तळवा थोडा वेळ त्याच्या छातीवर राहू द्यावा. गरज वाटली तर तिथेच हलके थोपटावे.

पेंगुळलेले पण जागे

बाळ पूर्ण झोपण्याआधीच कॉटमध्ये ठेवावे, हा सल्ला सर्वत्र मिळतो. तो योग्य आहे, पण पहिल्या आठवड्यांतच तो जमला पाहिजे असा हट्ट धरू नये. तीन-चार महिन्यांपासून दिवसातल्या एकाच झोपेला हा प्रयत्न करावा. रात्रीची पहिली झोप त्याला सोयीची, कारण तेव्हा झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. नजर हरवणे, तोंड फिरवणे, डोळे चोळणे या खुणा दिसताच निजवावे. रडू लागेपर्यंत थांबले, तर बाळ अति थकते आणि मग निजणे कठीण जाते. अंघोळ, दूध, अंधार, तीच अंगाई असा रोजचा ठरलेला क्रम उपयोगी पडतो. संथ सलग आवाजाचे यंत्र वापरायचे तर आवाज कमी आणि यंत्र कॉटपासून दोन मीटर तरी लांब असावे.

रडू देण्याबाबत मतभेद तीव्र आहेत. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये थोडे थोडे जास्त थांबून धीर द्यायला जाण्याची पद्धत मांडली. दुसरी पद्धत कॉटशेजारी बसून रोज थोडे दूर सरकण्याची. ऑस्ट्रेलियात सात-आठ महिन्यांच्या बाळांवर या दोन्ही वापरून पुढे पाच वर्षांनी पाहणी झाली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांच्या वागण्यात किंवा आईवडिलांशी असलेल्या नात्यात कोणतीही टिकून राहिलेली हानी आढळली नाही, आणि टिकाऊ फायदाही नाही. तेव्हा ज्या घराला रडू देणे सोसवत नाही, त्याने थोपटत राहण्यात काहीही चूक नाही. सहा महिन्यांखालील बाळावर मात्र अशी पद्धत लादू नये.

सुरक्षितता

येथे तडजोडीला जागा नाही. एक वर्षापर्यंत प्रत्येक झोपेला बाळाला उताणेच निजवावे. ब्रिटनमध्ये १९९१ आणि अमेरिकेत १९९४ मध्ये याच्या देशव्यापी मोहिमा सुरू झाल्या, आणि झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचे अमेरिकेतील प्रमाण निम्म्याहून कमी झाले. उताण्या बाळाला दूध वर आल्यास ठसका लागून गुदमरेल, ही भीती स्वाभाविक आहे. पण उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध तिच्यात सहज उतरत नाही. बाळ दोन्ही बाजूंनी स्वतःहून वळू लागले, की झोपेत पालथे झालेल्या बाळाला सारखे उताणे करण्याची गरज नसते.

कॉटची गादी कडक, सपाट आणि कडांना फट न ठेवणारी हवी. उशी, मऊ खेळणी, गजांना बांधायच्या गाद्या, सैल पांघरूण यांपैकी काहीही आत नको; पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी वापरावी. गजांतली फट सुमारे सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. दुपट्यात गुंडाळत असल्यास बाळ वळण्याची पहिली खटपट करताच ते बंद करावे. निदान पहिले सहा महिने कॉट आईवडिलांच्याच खोलीत असावी. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणे फार धोक्याचे आहे, म्हणून आपल्यालाच पेंग येत असेल, तर ते जागे होईल याची पर्वा न करता त्याला कॉटमध्ये ठेवावे.

पुढचे महिने

आठ-दहा महिन्यांच्या सुमारास आई दिसेनाशी झाली, की बाळ व्याकूळ होते आणि बसलेली घडी मोडते. याच वयात ते गज धरून उभे राहते, पण खाली बसता येत नाही म्हणून रडते. दिवसा बसण्याचा सराव दिल्याने रात्री त्याची सुटका होते. बाळ बसू लागण्याआधीच गादी खालच्या पातळीवर आणावी. उंची सुमारे ८९ सेंटीमीटर झाली किंवा मूल कठड्यावर पाय टाकू लागले, की कॉट सोडून त्याला जमिनीलगतच्या बिछान्यावर निजवावे.