बोक्याची साखर आणि दवाखान्याची धास्ती

मे महिन्यात आमचा तेरा वर्षांचा बोका, गोट्या, पाणी जास्त प्यायला लागला. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास आणि कूलर दिवसरात्र सुरू. अशा दिवसांत कोणाला तहान लागत नाही? या समजुतीत आम्ही आठवडा घालवला. मग त्याच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला, तेव्हा मात्र त्याला टोपलीत कोंबलं आणि ऑटोनं भर गर्दीतून दवाखाना गाठला.

बाकावर शेजारीच एक लॅब्राडोर बसलेला. गोट्या टोपलीच्या कोपऱ्यात अंग आक्रसून बसला होता, बुबुळं काळीभोर मोठी झालेली. टेबलावर दोघांनी धरलं तेव्हा कुठे रक्त काढता आलं. साखर आली ३१८ मिलिग्रॅम. मांजराची साखर साधारण ७० ते १५० च्या दरम्यान असते, म्हणजे दुपटीहून जास्त. मला वाटलं, आता रोजचं इन्सुलिन आलंच. डॉक्टर म्हणाले, "आज या एका आकड्यावर मी काहीच ठरवणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. मांजर घाबरलं की अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात. यकृतात साठवलेली साखर रक्तात येते आणि इन्सुलिनचा स्राव दबतो. धडपडणाऱ्या स्नायूंमधून लॅक्टेट नावाचं द्रव्य बाहेर पडतं, त्याचीही यकृत साखर करतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना पाच मिनिटं पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं होतं. जी मांजरं जास्त झटापट करत होती, त्यांची साखरही जास्त चढली. आजारी, घाबरलेल्या मांजरात ती ३०० च्या पुढेही जाऊ शकते. रक्तातली साखर साधारण २७० च्या वर टिकली, तर ती लघवीतही उतरते. म्हणून दवाखान्यात घेतलेल्या लघवीच्या तपासणीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही.

मग खरं काय ते कसं कळणार? फ्रुक्टोसामीनच्या तपासणीतून. रक्तातल्या प्रथिनांना साखर हळूहळू चिकटत जाते, आणि ती किती चिकटली त्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज येतो. माणसांमध्ये 'तीन महिन्यांची साखर' बघतात ना, त्याच जातीची ही तपासणी. अर्ध्या तासाच्या भीतीनं हा आकडा हलत नाही. म्हाताऱ्या मांजरात थायरॉईड वाढलेला असेल, तर मात्र प्रथिनं लवकर झिजतात आणि फ्रुक्टोसामीन फसवं कमी दिसतं. त्यामुळे थायरॉईडही तपासून घ्यावा.

हे सगळं इतकं ताणून सांगते, कारण मधुमेह नसलेल्या मांजराला इन्सुलिन दिलं तर साखर एकदम कोसळते. झटके येतात, जीवही जाऊ शकतो. उलट "घाबरलं असेल" म्हणून आकडा सोडून देणंही तितकंच वाईट. लठ्ठ, नसबंदी झालेल्या, उतारवयातल्या बोक्यांना मधुमेह खरोखरच होतो. खाऊनही वजन उतरत असेल किंवा मागच्या पायांचे तळवे पूर्ण टेकवून मांजर चालत असेल, तर एक दिवसही थांबू नका. वेळेत उपचार मिळाले तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. घरी कानाच्या कडेला टोचून साखर बघता येते, पण माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा कमी दाखवतं. प्राण्यांसाठीचं वेगळं यंत्र मिळतं.

गोट्याचं फ्रुक्टोसामीन आणि थायरॉईड, दोन्ही नॉर्मल आले. तहान मात्र खरीच होती. क्रिॲटिनिन (किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं आणि लघवी पाण्यासारखी पातळ. त्याची किडनी दमायला लागली होती. मधुमेहाच्या भीतीत ते राहूनच गेलं असतं.

पुढच्या खेपेला आम्ही टोपली तीन आठवडे आधीच हॉलमध्ये उघडी ठेवली. आत त्याची जुनी चादर घातली, रोज थोडं खाणंही तिथेच दिलं. निघायच्या दोन तास आधी डॉक्टरांनी लिहून दिलेली, भीती कमी करणारी गॅबापेंटिनची कॅप्सूल दिली (हे औषध मनानं देऊ नये, विशेषतः किडनी अधू असेल तर, कारण मात्रा बदलावी लागते). वाटेत टोपलीवर टॉवेल टाकला आणि दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाहेर ऑटोतच थांबलो. कोणालाही धरावं लागलं नाही. साखर आली १३४.